पांढरी कडा

१

त्या सकाळी हरितगृहातील दोन्ही रांगा सारख्याच करपल्या होत्या. एका रांगेतील टोमॅटोच्या रोपांवर नुसते पाणी फवारले होते, दुसरीवर संशोधक बाईंनी शोधलेल्या बुरशीचा अर्क. आणि दोन्हीकडच्या पानांवर तीच तपकिरी वर्तुळे उमटली होती, एकात एक, सावकाश रुंदावणारी. करप्याने कोणताही भेदभाव केला नव्हता.

भोवतालच्या शेतांत करप्यावरची रासायनिक औषधे केव्हाच निकामी झाली होती. रोग त्यांना सरावला होता. माती मात्र सरावली नव्हती; ती नासत चालली होती. अशा वेळी एका डोंगरउतारावर, कुजत पडलेल्या ओंडक्यावर बाईंना ही बुरशी सापडली. स्वतःच्या रक्षणासाठी ती जे द्रव्य पाझरत असे, त्याने करपा जागच्या जागी थांबे. बाईंच्या उभ्या आयुष्याचा अर्थ त्या एका बुरशीत साठवलेला होता. आता बुरशी जिवंत होती, काचेच्या ताटल्यांत वाढत होती. पण तिच्या अर्कात काहीच उरले नव्हते.

मला त्या संशोधनसंस्थेत पाठवले गेले ते तपासनीस म्हणून. एरवी मी जिवंत बुरश्या सांभाळणाऱ्या एका संग्रहालयात काम करतो. माझीच निवड का, असे मी वरिष्ठांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तू गप्प बसतोस. समोरचा गप्प बसला की माणसं घाबरून खरं बोलतात.”

संस्थेच्या संचालकांच्या बाबतीत तेवढीही वाट पाहावी लागली नाही.

“सरळ गोष्ट आहे,” खुर्ची ओढत ते म्हणाले. “काल चालणारी वस्तू आज चालत नाही, म्हणजे ती वस्तूच बदललीय. खरी बुरशी कुणीतरी पळवली आणि तिच्या जागी हे पांढरं शेवाळ ठेवलं. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय!”

“कुंपण कोण?”

“बाईंचा भाचा. आमचा रसायनतज्ज्ञ. औषधांच्या वासानं भरलेला असतो म्हणून सगळे त्याला अत्तरवाला म्हणतात. एका रासायनिक कंपनीत मुलाखत देऊन आलाय, तेही आम्हाला न सांगता. आजचा दिवस वाट बघतो, मग पोलीस. एकदा चोर ठरला की कुठल्या प्रयोगशाळेत त्याला कुणी काच पुसायलाही ठेवणार नाही.”

मग दाराकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. “खरं सांगू? चोरीच झाली असू दे. चोरलेली वस्तू परत तरी मिळते.”

२

‘बाई’ हा शब्द त्या इमारतीत विशेषनामासारखा वापरला जात असे. मी त्यांच्या खोलीत शिरलो तेव्हा त्यांनी आधी माझ्या बुटांकडे पाहिले, मग हातांकडे.

“नळ तिकडे आहे,” त्या म्हणाल्या.

मी हात धुतले. नळावरची भिंत ओलीने काळवंडली होती. छतापर्यंत बारीक काळी बुरशी चढली होती. मध्येच एक वेडावाकडा भाग तेवढा निर्मळ राहिला होता, त्याच्या कडा फिकट पिवळ्या होत्या.

“तिथं नका बघू, लाज वाटते,” बाई म्हणाल्या. “सुरुवातीच्या दिवसांत अर्काची बाटली फुटली होती. कितीदा रंग दिला, तो डाग वर येतोच.”

त्यांनी एक ताटली माझ्यापुढे सरकवली. इतकी सुंदर वाढ मी क्वचितच पाहिली होती: धुक्यासारखी मऊ, शुभ्र, काठापर्यंत एकसारखी पसरलेली. बाईंनी सुई ज्योतीत लाल केली, निवू दिली, आणि कडेचा कण अलगद उचलून नव्या ताटलीवर ठेवला. बुरशी जुन्या घरात मरू नये म्हणून तिला अशी पुन्हा पुन्हा नव्या घरी न्यावी लागते. बाईंचा हात किंचितही हलला नाही.

“नेहमी कडेचाच कण घेता?”

“कडेचा, आणि सगळ्यांत स्वच्छ. वाण जपायचं तर धडधाकट लेकरू निवडावं. आली तेव्हा काय ध्यान होतं हिचं! पिवळट, चट्ट्याचट्ट्यांची, रडत रडत वाढणारी. मध्येच एखादा पांढरा फाटा फुटायचा, तो मी पुढे न्यायची. किती खपले तेव्हा हे रूप आलं. आता आमची मुलं चेष्टा करतात, बाईंच्या ताटलीत जेवायला बसावं म्हणून.”

“गोठवून ठेवलेला जुना साठा असेल ना?”

“शीतकपाटात दर वर्षी ताज्या नळ्या ठेवते. जुन्या जाळून टाकते. शिळं कशाला सांभाळायचं?”

भाच्याचे नाव मी काढले नाही. त्यांनीच काढले.

“माझी बहीण गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. माझ्याच कुशीत वाढलाय. तो चोर नाही असं मी म्हणायला हवं, नाही का?” त्यांनी एकाएकी माझे मनगट धरले. त्यांची बोटे थंडगार होती. “पण त्यानंच घेतली असेल, हो ना? म्हणजे ती कुठंतरी असेल. जिवंत असेल.”

आपल्या माणसाने गुन्हा केलेला असावा, अशी आशा मी त्या दिवशी प्रथमच एखाद्याच्या डोळ्यांत पाहिली.

३

हरितगृहाचे माळीकाका फवारणीच्या पंपाचे तोंड तारेने टोकरत बसले होते.

“बसा साहेब. याला बद्धकोष्ठ झालाय,” ते म्हणाले. “अत्तरवाल्याची कृपा.”

“म्हणजे?”

“पूर्वी तो अर्काची बाटली द्यायचा, तर आत पाणीच आहे असं वाटायचं. मग तेलासारखी यायला लागली. आता तर मध! उलटी धरली तरी खाली येत नाही. मी म्हटलं, अरे बाबा, रोपांना औषध द्यायचंय का पानं चिकटवायचीत?”

“तो काय म्हणाला?”

“हसला नाही. माझ्या रद्दी विनोदालासुद्धा हसणारं पोरगं ते. तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय.” त्यांनी तार पुसली. “पोरगीचं प्रकरण असणार. सुट्टी असली की गायब. परत येतो ते बुटांना चिखल, बाह्यांना काटे. मी विचारलं, वनकन्या गाठलीस की काय? तर म्हणतो, काका, गाठ पडत नाहीये.”

“आणि या रोपांचं?”

माळीकाकांनी करपलेल्या रांगांकडे पाहिले नाही. “खेड्याखेड्यांतून माणसं येऊन विचारून जातात, बाईंचं औषध कधी मिळेल. मी सांगतो, होईल, होईल. आता तोंड लपवायला जागा शोधतोय.”

बाटलीतील अर्क दाट का होत गेला असावा, या विचारात मी काचेच्या छपराखाली तसाच उभा होतो. इतक्यात संचालक घाईघाईने आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता.

“चला. त्याच्या घरी कपाट भरून नळ्या सापडल्यात.”

४

अत्तरवाल्याचे घर म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि ते कपाट. कपाटात नळ्यांच्या रांगा होत्या; प्रत्येकीत काहीतरी वाढत होते. तो पलंगाच्या कडेवर बसला होता, हडकुळा, दाढी वाढलेला, आपल्याच घरी पाहुणा आल्यासारखा.

“आता तरी तोंड उघड,” संचालक म्हणाले. “चोराच्या उलट्या बोंबा ऐकायला आम्हाला वेळ नाही.”

“मी कुठं बोंब मारली?” तो शांतपणे म्हणाला.

“कंपनीला विकलीस ना?”

“विकली नाही.”

“मग?”

त्याच वेळी बाई आल्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती. दाराच्या चौकटीला धरून त्या उभ्या राहिल्या, आणि भाच्याने त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत भीती नव्हती. एखादे जड ओझे उचलण्यापूर्वी माणूस घेतो तसा एक दीर्घ श्वास तेवढा होता.

“मी घेतली,” तो म्हणाला. “प्रयोगशाळेत दुसरी ठेवली. खरी माझ्याकडे आहे.”

“या नळ्यांत?”

“यांत नाही. दुसरीकडे. कुठे ते सांगणार नाही.”

संचालक ओरडू लागले. मी बाईंकडे पाहत होतो. ज्या मुलाला त्यांनी वाढवले, तो त्यांच्यादेखत चोर ठरला होता; आणि त्यांचा चेहरा, राखेवर फुंकर घालावी तसा, हळूहळू उजळत होता.

५

ताटलीतील बुरशीचा आणि कपाटातील नळ्यांचा नमुना मी माझ्या संग्रहालयात धाडला. बुरशी सापडली तेव्हा तिची जनुकीय ओळख आमच्याकडे नोंदवली गेली होती. तिचा जिवंत नमुना मात्र संचालकांनी कधीच आमच्याकडे ठेवला नाही; चोरीला जाईल म्हणून.

निकाल माझ्या हाती येईपर्यंत संचालकांनी पोलिसांना थांबवून धरले. निकाल दोन ओळींचा होता. ताटलीतली शुभ्र बुरशी तीच होती, ओंडक्यावर सापडलेली. आणि कपाटातल्या नळ्यांत ती नव्हती. तिथे निरनिराळ्या रानबुरश्या होत्या, हिरव्या, काळ्या, करड्या.

म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. जी झाली नाही ती चोरी एका माणसाने कबूल केली होती.

मी पाहुण्यांच्या खोलीत खिडकीपाशी बसून राहिलो. खाली रस्त्यावर दुकाने उघडत होती, कुणी फरशी धूत होते, कुणी कुणाला हाक मारत होते. जग इतके सुरळीत चाललेले असताना एखादी गोष्ट संपून गेल्याचे एकट्यालाच ठाऊक असणे, हे एकटेपणाचे फार निराळे रूप आहे.

अर्क दाट होत गेला, कारण त्यात द्रव्य कमी कमी होत होते आणि कुणीतरी ते अधिकाधिक आटवून ती उणीव झाकत होते. ही उणीव प्रथम दिसणार रसायनतज्ज्ञालाच. त्याचे बूट चिखलाने भरत होते, कारण तो रानात जात होता. आणि कपाटातल्या रानबुरश्या सांगत होत्या की तो काहीतरी शोधत होता. ज्याच्याकडे चोरलेली वस्तू आहे, तो ती शोधत फिरत नाही.

राहिली एकच गोष्ट. बुरशी तीच असताना मुकी का झाली?

भिंतीवरचा तो निर्मळ भाग मला आठवला, त्याच्या पिवळ्या कडांसकट. सुरुवातीचा अर्क पिवळा होता, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याने ओल्या भिंतीवर काळी बुरशी चढू दिलेली नव्हती. बाईंच्या आताच्या ताटल्यांत पिवळ्याचा लवलेशही नव्हता.

मी उठलो. मला खुनी सापडला होता, आणि तो सापडू नये असे मला मनापासून वाटत होते.

६

अत्तरवाल्याने दार उघडले आणि माझा चेहरा पाहून बाजूला झाला.

“कळलं तुम्हाला,” तो म्हणाला.

“ओंडक्यावर असताना तिला शत्रू होते,” मी म्हणालो. “द्रव्य केलं नाही तर ती मेली असती. ताटलीत साखर होती आणि शत्रू कुणीच नव्हता. तिथं एखाद्या फाट्यानं द्रव्य करणं सोडलं की त्याची ताकद वाचायची. तो जोमानं वाढायचा. पांढरा दिसायचा.”

“आणि देखणा.”

“आणि सुई दर वेळी तोच कण उचलायची.”

“सुई मावशीची, पण सांगणारा मी,” तो म्हणाला. “ तो पिवळा रंग माझ्या गाळणीत अडकायचा, शुद्धीकरणाला फार त्रास व्हायचा. मीच म्हटलं, मावशी, जरा पिवळं कमी करता येतंय का बघ. रंग वेगळा आणि औषध वेगळं, असं वाटायचं आम्हाला. दोन्ही एकाच चुलीवर शिजत होतं, हे फार उशिरा कळलं. तोवर जुन्या नळ्या जाळून झाल्या होत्या.”

“करप्यासमोर ठेवून पाहिलीत? कधीकधी शत्रू दिसला की बुरशीची जुनी सवय जागी होते.”

“पाहिली. एकाच ताटलीत दोघांना ठेवलं. करपा तिच्या अंगावरून चालत गेला.”

“आणि ती सापडली तो डोंगरउतार?”

“तिथं आता दगडाची खाण आहे. आसपासची सगळी रानं पालथी घातली. मिळेल ते कुजकं लाकूड घरी आणलं.” त्याने कपाटाकडे हात केला. “हे सगळं म्हणजे ‘ती नव्हे’.”

“मुलाखत?”

“मावशीला कळायच्या आत इथून निघून जावं, असं वाटलं होतं. पळपुटेपणा. पण तेही जमलं नाही.”

“तुम्हाला तुरुंगात टाकतील.”

“टाकू देत. मावशीला वाटेल, कुठंतरी आहे. मी सुटेन, मग सांगेन. ती वाट बघत राहील. वाट बघणारी माणसं जगतात हो.” त्याने माझा हात धरला नाही, पण त्याचा हात अर्ध्यापर्यंत आला होता. “तुम्ही चाचणी बिघडली म्हणा. हवं तर मी पाया पडतो. फक्त तिला सांगू नका की तिनंच.”

मी त्याला वचन दिले असते. खरोखरच दिले असते. पण एका खोट्या चोरावर खटला चालणार होता. आणि खेड्याखेड्यांतली माणसे, कुठेतरी दडवलेले औषध एक दिवस परत येईल म्हणून, थांबून राहणार होती. आशेलाही कुणाला तरी किंमत मोजावी लागते, आणि ती मोजणारे बहुधा त्या खोलीत हजर नसतात.

“मला नाही जमणार,” मी म्हणालो.

७

संचालकांच्या दालनात मी सारे सांगितले: आटवलेला अर्क, चिखलाचे बूट, रानबुरश्या, भिंतीवरचा पिवळा डाग. बोलताना मी टेबलाच्या कडेकडे पाहत होतो. अत्तरवाला खिडकीकडे तोंड करून उभा होता. बाई समोर बसल्या होत्या, हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या ताठ.

“म्हणजे चोरी नाही?” संचालकांनी विचारले.

“नाही.”

“म्हणजे दोष कुणाचाच नाही. वाण आपोआप खालावलं. असं लिहिता येईल ना?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ते उठले. “वर कळवायला हवं. चोरीपेक्षा हे बरं दिसेल.”

दार लागले. इतका वेळ मी एक शब्द टाळला होता. सुई कुणाची, ते मी उच्चारले नव्हते. त्याची गरजही नव्हती. त्या खोलीत तो विषय माझ्यापेक्षा अधिक जाणणारी व्यक्ती एकच होती.

“दर वेळी?” बाईंनी विचारले.

“बाई—”

“मी विचारतेय, दर वेळी?”

“बहुधा पहिल्या पांढऱ्या फाट्यापासून.”

त्यांनी मान हलवली, एखाद्या विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यासारखी. मग आपला उजवा हात उचलून त्या तो न्याहाळू लागल्या, पालथा, मग उताणा. “इतक्या निगुतीनं केलं हो,” त्या म्हणाल्या. “एकदासुद्धा हात हलला नाही.”

“मावशी, पिवळं कमी कर असं मी म्हटलं होतं,” खिडकीकडूनच भाचा म्हणाला.

“तू म्हटलं होतंस. मी केलं.” त्या थांबल्या. “कधीपासून ठाऊक होतं तुला?”

“गेल्या हिवाळ्यापासून.”

“एकटाच हिंडत होतास रानात?”

“हो.”

“डबा नेत होतास की उपाशीच?”

त्याने खिडकीच्या काचेला कपाळ टेकवले. मी उठून निघायला हवे होते. पण मी बसूनच राहिलो. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होते, काचेची भांडी एकमेकांवर किणकिणत होती, आणि तो आवाज संपूर्ण ओसरेपर्यंत आम्ही तिघेही ऐकत राहिलो.

“ये इकडे,” बाई म्हणाल्या.

तो आला आणि त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसला. त्यांनी त्याच्या केसांवर हात ठेवला, तोच हात; मग काहीतरी आठवल्यासारखा चटकन काढून घेतला आणि पदराखाली लपवला. भाच्याने तो पदराखालून ओढून काढला आणि पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवला. या वेळी त्यांनी तो तिथे राहू दिला.

“तू खरंच चोरली असतीस,” त्या म्हणाल्या, “तर किती बरं झालं असतं रे.”

“हो, मावशी,” तो म्हणाला.